पोटमाळ्यावरचा डबा, माजघरातलं नेट

दिवेलागण झाली आहे. कुणी चुलीपाशी असाल, कुणी गोठ्यात धार काढत असाल, कुणी शिवणाच्या मशीनवर बसला असाल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा. आम्ही गटांच्या सहयोगिनी. एरवी बचत, हप्ते, व्याज, बँकेची कागदपत्रं हेच बोलत असतो. आज त्यातलं काही नाही. आज बोलायचं आहे घरातल्या एका अडगळीच्या वस्तूबद्दल. ती वस्तू म्हणजे इंटरनेटचा जुना डबा.

तुमच्या घरी पूर्वी तारेचा टेलिफोन होता का? २००५ सालच्या जानेवारीत भारत संचार निगमने त्याच तांब्याच्या तारेवरून ब्रॉडबँड द्यायला सुरुवात केली. पुढच्या काही वर्षांत ज्यांच्याकडे फोन होता, त्यांतल्या काही घरांत फोनशेजारी एक चपटा डबा आला. पाठीमागे टेलिफोनची बारीक तार, तिच्या बाजूला चार चौकोनी खाचा, वर एक-दोन शिंगं. मग फायबर आलं. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याच्या योजनेला केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजुरी दिली. आज आपण तिला भारतनेट म्हणतो. केबलवाल्यांनी आणि खाजगी कंपन्यांनीही खांबाखांबावरून काळी तार ओढली. फायबरसोबत नवा डबा आला, तांब्याची तार बंद झाली आणि जुना डबा पोटमाळ्यावर गेला. तो टाकवत नाही आणि त्याचा उपयोगही सुचत नाही, म्हणून बऱ्याच घरांत तो अजून तिथेच आहे.

आता दुसरी गोष्ट. नवा डबा घरात कुठे बसवलाय, ते आठवा. फायबर घेऊन येणारा माणूस रस्त्याकडच्या भिंतीला भोक पाडतो, तार आत घेतो आणि तिथेच डबा ठोकतो. म्हणजे बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या वर. तिथे बसणारे कोण? घरातले पुरुष, पाहुणे, सुटीला आलेली मुलं. आपलं काम चालतं माजघरात, स्वयंपाकघरात, परसात, गोठ्यापाशी. आणि तिथे वायफायची एक रेघ येते, तीही जाते.

बैठकीत आम्ही विचारतो, "फोन बघायला कुठे बसता?" कुणी म्हणतं पायरीवर, कुणी गच्चीवर, कुणी तुळशीपाशी. बारावीची मुलगी रात्री आठला ओट्यावर बसून गणिताचा व्हिडिओ बघते, कारण आत नेट येत नाही. शिवणकाम करणारी ताई ब्लाउजचा नमुना बघायला चार वेळा उठून बाहेर जाते. आणि यातली खरी मेख पैशाची आहे. घर दर महिन्याला फायबरचं बिल भरतं. त्याच घरातली बाई स्वतःच्या फोनला वेगळा रिचार्ज मारते आणि दिवसाचा डेटा दुपारीच संपला म्हणून गप्प बसते. एकाच छताखाली दोनदा पैसे जातात, आणि तरी तिचं काम अडतं.

घरात नेट आहे, पण ते बाईच्या बसण्याच्या जागेपर्यंत पोचत नाही. ते पोचवायला पोटमाळ्यावरचा तो जुना डबा कामाला येऊ शकतो. दुकानात विचारलं तर नवीन मशीन घ्या म्हणतील. घ्यायला हरकत नाही, पण आधी घरातलं वापरून बघू या.

आधी हा डबा असतो काय, ते समजून घेऊ. त्याला इंग्रजीत गेटवे म्हणतात. गेटवे म्हणजे गावाची वेस. बाहेरचं जग आणि आपलं घर यांच्या मधली वेस. या एका डब्यात चार कामकरी बसलेले असतात. पहिला मोडेम. टेलिफोनच्या तारेतून येणारी खूण ओळखून तिचं इंटरनेट करणं हे त्याचं काम. दुसरा राउटर, म्हणजे वाटाड्या. बाहेरून एकच जोडणी येते, ती घरातल्या दहा फोनांना वाटून देणं आणि कुणाचं उत्तर कुणाला द्यायचं हे लक्षात ठेवणं त्याच्याकडे. तिसरा स्विच. मागच्या चार खाचांत केबल लावून संगणक, टीव्ही, प्रिंटर जोडता येतात, ते याच्यामुळे. चौथा वायफायचा रेडिओ. जसं आमचं बोलणं रेडिओ स्टेशनवरून तुमच्या घरी येतं, तसाच हाही छोटा रेडिओच. फक्त याची धाव घरापुरती.

तांब्याची तार बंद झाली म्हणजे या चारांपैकी एकच कामकरी बेकार झाला, तो मोडेम. बाकीचे तिघे धडधाकट आहेत. विहीर आटली म्हणून आपण मोटार, पाईप आणि तोट्या फेकून देत नाही. दुसऱ्या पाण्याला जोडतो. इथेही तेच करायचं आहे.

डबा खाली काढला की आधी तीन गोष्टी बघा. पहिली, तो डबा आपला आहे का. काही कंपन्या डबा भाड्याने किंवा अनामत रकमेवर देतात. तसा असेल तर तो परत करून अनामत सोडवून घ्या. दुसरी, तो कुठला डबा आहे. आम्ही सांगतोय ते टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या जुन्या डब्याबद्दल. फायबरचा डबा कंपनीच्या खात्याशी बांधलेला असतो, त्याच्या सेटिंगला कुलूप असू शकतं. तो कंपनीला विचारल्याशिवाय उघडू नका. तिसरी गोष्ट, चार्जर. डबा उलटा करा. खाली स्टिकरवर किती व्होल्ट आणि किती अँपिअर लागतात ते लिहिलेलं असतं. समजा १२ व्होल्ट, १ अँपिअर लिहिलं आहे. तर चार्जरवरही १२ व्होल्टच हवेत, कमी नकोत आणि जास्तही नकोत. अँपिअर तेवढाच किंवा त्याहून जास्त चालतो. स्टिकरवर प्लस-मायनसचं चिन्ह असतं, तेही जुळायला हवं. पिन बसते म्हणून कुठलाही चार्जर लावला तर डबा जळतो, आणि मग तो खरंच भंगार होतो.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला, नव्या डब्याची केबल जुन्यात खुपसली की झालं. तसं होत नाही. का होत नाही, ते गटाच्याच भाषेत सांगतो. गटाची कर्जवही एकच सचिव लिहिते. समजा दोघीजणी दोन वेगळ्या वह्या घेऊन बसल्या आणि दोघीही कर्जाला क्रमांक द्यायला लागल्या, तर एकाच क्रमांकाची दोन कर्जं होतील आणि सगळा हिशेब कोसळेल. घरच्या नेटवर्कचंही असंच असतं. प्रत्येक फोनला एक क्रमांक द्यावा लागतो, जणू घरक्रमांक. तो देण्याच्या कामाला डीएचसीपी म्हणतात. नवा डबा ते काम करतो आणि जुन्यालाही तीच सवय आहे. दोघांनी एकदम वाटप सुरू केलं की कुणाचं नेट चालतं, कुणाचं बंद पडतं आणि कारण कुणालाच सापडत नाही. शिवाय दोन्ही डब्यांचा स्वतःचा पत्ता पुष्कळदा एकच असतो. म्हणून दोन कामं करावीच लागतात. जुन्याचं क्रमांक वाटणं बंद करायचं आणि त्याचा स्वतःचा पत्ता बदलायचा. या दोन गोष्टी लक्षात राहिल्या तर बाकी सोपं आहे.

आता कागद-पेन घ्या. किंवा ऐका आणि मासिकात छापून येईल तेव्हा समोर ठेवून करा. अर्धा तास पुरतो.

आधी नव्या डब्याचा पत्ता शोधा. फोन नव्या वायफायला जोडलेला असताना फोनच्या सेटिंगमध्ये वायफायच्या नावावर दाबा. आतल्या माहितीत 'गेटवे' असं लिहून त्यापुढे चार आकड्यांचा पत्ता असतो. उदाहरणार्थ १९२.१६८.१.१. तो उतरवून घ्या. त्यातले पहिले तीन आकडे म्हणजे आपली गल्ली, शेवटचा आकडा म्हणजे घर.

मग जुना डबा फक्त विजेला जोडा. नव्या डब्याला अजून जोडायचा नाही. मागे टाचणी जाईल एवढं छोटं भोक असतं, त्यावर रिसेट लिहिलेलं असतं. डबा चालू असताना टाचणीने ते दहा-पंधरा सेकंद दाबून धरा. दिवे एकदा विझून पुन्हा लागतील. आता डबा कारखान्यातून आला तसा कोरा झाला. जुन्या मालकाचा पासवर्ड, जुन्या जोडणीची माहिती, सगळं पुसलं गेलं.

आता फोनचा मोबाइल डेटा बंद करा. हे विसरू नका, कारण या डब्यात अजून इंटरनेट नाही आणि फोन आपणहून मोबाइल डेटाकडे पळतो. फोन जुन्या डब्याच्या वायफायला जोडा. त्याचं नाव आणि पासवर्ड स्टिकरवर असतो. संगणक असेल तर केबलने जोडा, ते अधिक सोपं. ब्राउझर उघडा आणि वरच्या पट्टीत स्टिकरवर दिलेला डब्याचा पत्ता इंग्रजी आकड्यांत टाइप करा. एक पान उघडेल, युजरनेम आणि पासवर्ड मागेल. तेही स्टिकरवर असतं. पान इंग्रजीत असेल, पण घाबरू नका. आपल्याला त्यातले चार-पाच शब्दच लागणार आहेत.

पहिलं काम, या पानाचाच पासवर्ड बदलायचा. तो का बदलायचा, ते पुढे सांगतो. दुसरं, 'वायरलेस' नावाच्या पानावर जा. वायफायला नाव द्या. सुरुवातीला नव्या डब्यापेक्षा वेगळं नाव द्या, म्हणजे आपण कुठल्या डब्यावर आहोत ते कळतं. सुरक्षेच्या रकान्यात डब्ल्यूपीए-२ निवडा. डब्ल्यूईपी नावाचा जुना प्रकार दिसेल, तो घेऊ नका, तो सहज फुटतो. डबा इतका जुना असेल की त्यात डब्ल्यूपीए-२ नाहीच, तर त्याचं वायफाय वापरू नका. केबलने संगणक जोडायला मात्र तो चालेल. डब्ल्यूपीएस नावाचं बटण असतं, ते बंद करा. चॅनेलचा रकाना असेल तर १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. नवा डबा १ वर असेल तर जुना ६ किंवा ११ वर ठेवा.

शेवटी 'लॅन' नावाच्या पानावर जा. डब्याचा पत्ता बदला. पहिले तीन आकडे नव्या डब्याचेच ठेवा, शेवटचा वेगळा घ्या, समजा २५०. म्हणजे १९२.१६८.१.२५०. फक्त तो आकडा नवा डबा फोनांना वाटतो त्या क्रमांकांतला नसावा. नव्या डब्याच्या पानावर कुठल्या आकड्यापासून कुठल्यापर्यंत वाटप होतं ते दिसतं. गरज पडली तर तिथली शेवटची मर्यादा २०० करून टाका. जुन्या डब्याच्या याच लॅनच्या पानावर डीएचसीपी असं लिहिलेलं असतं. ते बंद करा आणि सेव्ह दाबा. पान गायब होईल, ते बरोबरच आहे, कारण पत्ता बदलला. हे काम सगळ्यात शेवटी ठेवायचं, कारण क्रमांक वाटणं बंद झालं की फोनला त्या डब्यात पुन्हा शिरणं अवघड जातं.

आता केबल. नव्या डब्याच्या लॅनच्या एका खाचेतून निघून जुन्याच्या चार खाचांपैकी एकीत. टेलिफोनच्या तारेची जी अरुंद खाच असते, जिच्यावर डीएसएल लिहिलेलं असतं, तिला हात लावायचा नाही. ती त्या बेकार झालेल्या मोडेमची. केबल बसली की दोन्हीकडे छोटा दिवा लागतो. माजघरात जा, मोबाइल डेटा बंदच ठेवा, नवं नाव निवडा, पासवर्ड टाका. नेट चालायला लागलं की झालं काम.

केबलच का, असं विचाराल. आपली जुनी घरं बघा. दगडमातीच्या दीड-दोन फुटी भिंती. मध्ये लोखंडी कपाट, वर पत्रा, कडेला पाण्याची टाकी. वायफायची लहर जाड भिंतीत जिरते आणि पत्र्यावर आपटून परत फिरते. केबलला भिंतीचं काही वाटत नाही. नेहमीची कॅट-५ई केबल एका दमात १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या घराला त्याच्या पावपट पुरते. दुकानात ती मीटरवर मिळते, दोन्ही टोकांना क्लिप बसवून घ्या. केबल उघड्यावर उन्हात राहिली तर तिचं वरचं आवरण फुटतं, उंदीरही कुरतडतात. म्हणून विजेच्या वायरिंगसाठी वापरतो त्या प्लास्टिकच्या नळीतून न्या. पण विजेची तार आणि ही केबल एकाच नळीत घालू नका.

आणखी एक जपायचं. एका घरातून दुसऱ्या घरात, किंवा घरातून लांबच्या गोठ्यात, वरून हवेत केबल ओढू नका. वळवाच्या पावसात आसपास वीज पडली तर तिचा झटका या तांब्याच्या केबलमधून दोन्ही डब्यांपर्यंत येऊ शकतो. गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवा. पुढची-मागची खोली, खालचा-वरचा मजला, एवढ्यापुरता हा उपाय चांगला.

डबा माजघरात ठेवताना चुलीपासून आणि मोरीपासून लांब, माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, मोकळ्या जागी ठेवा. फडताळात भांड्यांमागे ठेवला तर त्याचं वायफाय फडताळातच राहील. डब्याला वारा लागू द्या, वर कापड टाकू नका.

वीज किती खातो? अगदी १० वॅट धरले आणि दिवसरात्र चालू ठेवला, तरी महिन्याला सात युनिटच्या आसपास. रात्री बंद केला तर त्याहून कमी. लाइट गेली की दोन्ही डबे बंद पडतात, हे मात्र खरं. १२ व्होल्टच्या डब्यांसाठी बाजारात छोटे यूपीएस मिळतात. ते घ्यायचेच तर दोन्ही डब्यांचा विचार करून घ्या. एकच चालू राहून उपयोग नाही.

वेग किती मिळेल, याचीही खरी कल्पना द्यायला हवी. जुन्या डब्यांच्या खाचा बहुतेक १०० एमबीपीएसच्या असतात, आणि वायफाय त्याहून कमी देतं. तुमचं फायबर त्याहून वेगवान असलं तरी या डब्यातून त्यापुढे मिळणार नाही. पण व्हिडिओ कॉलला दोन-चार एमबीपीएस पुरतात. मुलीचा अभ्यास, गटाच्या नोंदी, बँकेचं काम, ई-संजीवनीवर डॉक्टरांशी बोलणं, एवढं सगळं त्यात आरामात होतं. एक फायदाही सांगतो. जुने डबे २.४ गिगाहर्ट्झ या पट्ट्यावर बोलतात. हा पट्टा नव्या ५ गिगाहर्ट्झपेक्षा हळू आहे, पण भिंतीपलीकडे तो जास्त जातो.

आता पासवर्डचं बोलू. २०१६ साली मिराई नावाचा एक घातक प्रोग्रॅम जगभर पसरला. तो घरोघरच्या कॅमेऱ्यांत आणि राउटरमध्ये शिरत होता. कसा? कुलूप फोडून नाही. कारखान्यातून येतात तसल्या युजरनेम-पासवर्डच्या साठेक जोड्या त्याच्याकडे होत्या, त्या तो एकेक करून लावून बघायचा. लोकांनी त्या बदललेल्याच नव्हत्या. अशी लाखो यंत्रं ताब्यात घेऊन त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला एका मोठ्या अमेरिकी कंपनीवर हल्ला झाला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा तिथे कित्येक तास विस्कळीत झाल्या. ज्यांच्या घरातले डबे यात वापरले गेले, त्यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नसेल.

म्हणून तीन नियम. डब्याच्या पानाचा पासवर्ड बदलायचा आणि वायफायचा पासवर्ड त्याहून वेगळा ठेवायचा. 'रिमोट मॅनेजमेंट' असं काही दिसलं तर ते बंद ठेवायचं, म्हणजे बाहेरून कुणी डब्यात शिरणार नाही. आणि जुना डबा पुन्हा कधी वेशीवर उभा करायचा नाही. अशा डब्यांना कंपनीकडून दुरुस्त्या येणं केव्हाच थांबलेलं असतं. म्हातारी राखणदार वेशीवर ठेवू नये, तिला घरात काम द्यावं. वेशीवर नवा डबा, आत जुना.

गटाचं कार्यालय घरातच असेल तर आणखी एक रीत आहे. काही जुन्या डब्यांत एका लॅनच्या खाचेला बाहेरच्या जोडणीची खाच करता येते. सेटिंगमध्ये 'इथरनेट वॅन' असं लिहिलेलं असतं. अशा वेळी क्रमांक वाटणं चालू ठेवायचं, पण गल्ली वेगळी द्यायची. नवा डबा १९२.१६८.१ असेल तर जुना १९२.१६८.२. मग घरात घर तयार होतं. गटाचा संगणक या आतल्या घरात ठेवला तर बाहेरच्या वायफायवरचे पाहुण्यांचे फोन त्याच्यापर्यंत सहज पोचत नाहीत. मात्र उलटं करू नका. पाहुण्यांना आतल्या घरात घेतलं तर त्यांना बाहेरचं अंगण दिसतंच.

आणि समजा घरात फायबरच नाही. तरी जुना डबा उपयोगाचा आहे. तो इंटरनेट देणार नाही, पण घरातली यंत्रं एकमेकांना जोडून देईल. इथे क्रमांक वाटण्याचं काम त्यालाच करू द्यायचं. वायफायचा किंवा केबलचा प्रिंटर त्याला जोडा, फोन त्याच्या वायफायवर घ्या, आणि बरेच प्रिंटर नेट नसतानाही फोनवरून छापून देतात. संगणकातली गटाची फाइल दुसऱ्या संगणकावर घेता येते.

हे सगळं करून डबा चालला नाही, सारखा तापून बंद पडू लागला, तर त्याचा नाद सोडा. पण उकिरड्यावर टाकू नका आणि तांब्यासाठी तार जाळू नका. तो धूर विषारी असतो आणि तो आधी आपल्याच मुलांच्या छातीत जातो. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि असा कचरा नोंदणी असलेल्या केंद्राकडेच जायला हवा. चार गावांचा एकत्र साठवला तर न्यायलाही सोपं पडतं.

मैत्रिणींनो, डबा बसवणं अर्ध्या तासाचं काम आहे. त्याआधी घरात बोलणं त्याहून अवघड आहे, हे आम्हाला ठाऊक आहे. "मागच्या खोलीत नेट कशाला? बायकांना काय करायचंय?" हे ऐकावं लागतं. तेव्हा भांडायला जाऊ नका, हिशेब मांडा. फायबरचं बिल इतकं, माझा रिचार्ज इतका. माजघरात वायफाय आलं तर माझा छोटा पॅक पुरेल. वर्षाचे इतके वाचतील. आपण गटात हिशेब शिकलो तो अशाच वेळी उपयोगी पडायचा.

दुसरं ऐकावं लागतं, "पोरीच्या हातात नेट नको." त्यावर शांतपणे एवढंच विचारा. पोरगी आजही नेट बघतेच आहे, पण ती रात्रीची ओट्यावर एकटी बसून बघते. ती आत, आईच्या शेजारी बसून बघेल तर त्यात वाईट काय? आईला काही विचारता येईल, आईला काही दिसेल, आणि आईलाही दोन गोष्टी तिच्याकडून शिकता येतील.

आणि पासवर्ड कुणाकडे राहतो, याकडे लक्ष द्या. बहुतेक घरांत तो मुलाला माहीत असतो, नवऱ्याला माहीत असतो, केबलवाल्यालाही असतो. घरच्या बाईला नसतो. तो रागाच्या भरात बदलला की तिचं नेट बंद. माजघरातला डबा तुम्ही स्वतः बसवलात, तर त्याचा पासवर्ड तुमच्या हाताने लिहिलेला असेल. तो बचतीच्या पासबुकासोबत पेटीत ठेवा. लपवायचा म्हणून नाही, जबाबदारीने सांभाळायचा म्हणून. गल्लीतल्या सगळ्यांना वाटत सुटू नका, कारण त्या जोडणीवरून कुणी काही वावगं केलं तर चौकशी आधी तुमच्याच दारात येते.

पुढच्या बैठकीला एक काम करा. ज्यांच्या घरी असा डबा आहे, त्यांनी तो चार्जरसकट घेऊन या. गटात एखादी तरी मुलगी बारावी झालेली, कॉलेजला जाणारी असते. तिला सोबत बसवा, पण टाचणी आणि फोन तुमच्या हातात घ्या. एकीचा डबा सगळ्यांदेखत बसवला की बाकीच्या आपापल्या घरी बसवतील. स्टिकरचा फोटो मात्र व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाकू नका, त्यावर पासवर्ड असतो.

भाकरी उतरवायची वेळ झाली असेल, आता थांबतो.